गादी आणि उतरंड

शाळेत फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा धडा आला की तीन वर्ग पाठ करून घेतले जातात. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा उमरावांचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. परभणीची मुलंही हे पाठ करत आली आहेत. पण त्यातल्या एखाद्याला विचारा, की तुझ्या पणजोबांच्या काळी आपलं गाव दिवाणीत होतं की जहागिरीत? शेतसारा कुणाच्या तिजोरीत जायचा? मालीपाटील कोण आणि पोलीसपाटील कोण? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. व्हर्सायच्या दरबाराची उतरंड तोंडपाठ आणि पाथरी-जिंतूरची अनोळखी, अशी आपली गत आहे.

खरं तर या दोन उतरंडी शेजारी ठेवून पाहाव्यात अशाच आहेत. घडण बरीच मिळतीजुळती, शेवट मात्र वेगळा. फ्रान्सच्या राजाला १७८९ मध्ये प्रजेचे प्रतिनिधी बोलवावे लागले आणि त्यातून त्याची गादी गेली. निजामाला ती वेळ शेवटपर्यंत आली नाही, तरी त्याची सत्ता पाच दिवसांत संपली. असं का झालं, हे समजून घेतलं तर दोन्ही इतिहास जास्त नीट उमगतात.

फ्रान्सची उतरंड

१७८९ च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास होती. त्यात धर्मगुरू सव्वा लाखाच्या घरात. चर्चच्या मालकीची जमीन मात्र देशातल्या एकूण जमिनीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. उमराव काही लाख, त्यांच्याकडे जवळपास पाव हिस्सा जमीन. बाकी शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लोक तिसऱ्या वर्गात. या वर्गात बोर्दोचा जहाजमालक होता, पॅरिसचा वकील होता, खेड्यातला अल्पभूधारक होता आणि भाकरीला महाग झालेला मजूरही होता. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच. आपल्यावर जो भार आहे तो वरच्या दोन वर्गांवर नाही, ही जाणीव.

‘ताय’ नावाचा मुख्य थेट कर उमरावांना आणि धर्मगुरूंना माफ होता. चर्च कर देत नसे, दर काही वर्षांनी राजाला ‘ऐच्छिक देणगी’ देई आणि तिची रक्कम स्वतःच ठरवी. शेतकऱ्याच्या खळ्यावर मात्र आधी चर्चचा दशांश निघे, मग जमीनदाराचा वाटा. तो कुठे बारा पेंढ्यांमागे एक, कुठे आठांमागे एक. धान्य दळायचं जमीनदाराच्याच गिरणीत, पाव भाजायचा त्याच्याच भट्टीत, आणि दोन्हीकडे पैसे मोजायचे. जमीनदाराची कबुतरं पेरणीवर उतरली तरी शेतकऱ्याने ती मारायची नाहीत, कारण कबुतरखाना हा उमरावाचा हक्क. रस्ते बांधायला वेठ, तीही याच वर्गातून.

मिठाचा कर तर वेगळाच प्रकार होता. ज्या प्रांतांत तो सर्वांत कडक होता तिथे आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सात पौंड मीठ सरकारी कोठारातून विकत घेणं सक्तीचं होतं. शेजारच्या ब्रिटनी प्रांताला हा कर माफ. त्यामुळे सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे मिठाच्या भावात वीस-वीस पटींचा फरक पडे, आणि चोरट्या मिठासाठी माणसं गलबतांवर वेठीला पाठवली जात.

म्हणजे जुन्या फ्रान्समधला कायदा एक नव्हता. माणूस कुठल्या घरात जन्मला, कुठल्या प्रांतात राहतो, कुठला हुद्दा धरून आहे, यावर त्याचा कायदा ठरत होता. राजा निरंकुश म्हणवत असला तरी अशा हजारो सवलतींच्या गुंत्यात तो स्वतःही अडकलेला होता.

परभणीची उतरंड

आता गोदावरीकाठी येऊ. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर पहिल्या निजामाने दख्खनमध्ये आपलं राज्य उभं केलं. पुढे सव्वादोनशे वर्षं मराठवाडा त्याच घराण्याखाली राहिला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला, तेव्हा परभणी हा मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांपैकी एक होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि परतूर हा सगळा मुलूख तेव्हा परभणीतच होता. परतूर १९८१ मध्ये जालना जिल्ह्यात गेलं, हिंगोली १९९९ मध्ये वेगळी झाली.

हैदराबाद संस्थानातल्या जमिनीची विभागणी समजली की तिथला समाज समजतो. साधारण साठ टक्के मुलूख दिवाणी किंवा खालसा, म्हणजे सरकारी महसुलाचा. दहा टक्क्यांच्या आसपास ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. तिथला महसूल राज्याच्या तिजोरीत जातच नसे, तो थेट निजामाच्या खासगी खात्यात जाई. उरलेला तीस टक्क्यांच्या घरातला मुलूख जहागिरींचा. त्यात पायगा घराण्यांच्या मोठमोठ्या जहागिरी होत्या, फौज बाळगण्याच्या अटीवर दिलेल्या होत्या, दरबारी माणसाच्या पोटगीसाठी दिलेल्या होत्या. मोठ्या जहागीरदारांची स्वतःची कचेरी, पोलीस आणि न्यायालयंसुद्धा होती. दिवाणी गावाची मोजणी होऊन धारा ठरलेला असे. जहागिरीच्या गावात तो बहुधा जास्त असे, आणि दाद मागायची तर ती जहागीरदाराच्याच माणसाकडे.

जहागिरीखाली इनामांची दुसरी पाळ. देवस्थान, दर्गा, मशीद, मठ यांच्या सेवेसाठी दिलेली जमीन म्हणजे खिदमतमाश. व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश. दोन्हींवर सारा माफ किंवा नाममात्र. धार्मिक संस्थांचा कारभार पाहायला ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचं खातंच होतं. फ्रान्सच्या पहिल्या वर्गाची आठवण व्हावी अशी ही सोय होती. फरक इतकाच, की तिथे चर्च ही एकसंध आणि प्रबळ संस्था होती, तर इथे शेकडो विखुरलेले इनामदार.

त्याखाली परगण्याचे देशमुख-देशपांडे. निजामाचा दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि पगारी तालुकदार, तहसीलदार नेमले, तेव्हा देशमुखांचं वसुलीचं काम गेलं. बदल्यात त्यांना रोख ‘रुसूम’ मिळू लागली. काम गेलं तरी हक्क राहिला, मान राहिला आणि जमीन तर राहिलीच.

गावात तीन माणसं महत्त्वाची. सारा गोळा करणारा मालीपाटील, बंदोबस्त पाहणारा पोलीसपाटील आणि कागद लिहिणारा पटवारी. तिन्ही कामं वंशपरंपरेची. त्यांच्याखाली रयत, रयतेखाली कूळ, कुळाखाली सालगडी. बाजूला बलुतेदार. आणि या सगळ्यांच्या तळाशी, गावकुसाबाहेर, महार-मांगांची वस्ती.

ही उतरंड कशी चालत होती ते अव्वल तालुकदाराच्या दौऱ्यात दिसे. अव्वल तालुकदार म्हणजे आजचा जिल्हाधिकारी. त्याचा मुक्काम गावाला कळला की पटवारी याद्या करी आणि पाटील माणसं जुंपी. घोड्यांना वैरण या घरातून, लाकूड त्या घरातून, दूध-अंडी-कोंबड्या आणखी कुठून. सामानासाठी शेतकऱ्याच्या गाड्या बेगारीत धरल्या जात, मग पेरणीचे दिवस असोत की मळणीचे. जे सामान गाडीत बसायचं नाही ते महाराच्या डोक्यावर. तो ते पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवी, तिथून त्या गावचा महार उचली. मोबदला असा कुणालाच नाही. वेठ बंद करण्याची फर्मानं निजाम सरकारने काढली, वेठबिगाराच्या करारांवर १९३६ मध्ये कायदाही केला. पण ज्याने तो कायदा अंमलात आणायचा त्याचाच दौरा वेठीवर चालत असे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ही उतरंड सरळसोट हिंदू-मुसलमान अशी नव्हती. दरबारातल्या आणि नोकरशाहीतल्या वरच्या जागा प्रामुख्याने मुसलमानांकडे होत्या, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि त्याचा सल मराठी माणसाच्या मनात होता. पण महाराजा किशनप्रसाद हे हिंदू गृहस्थ दोनदा राज्याचे प्रमुख मंत्री झाले. देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी हे मराठवाड्यात बहुतांशी हिंदूच. उलट परभणीच्या खेड्यांत हातमागावर किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणारा गरीब मुसलमान हा उतरंडीच्या खालच्याच थरात होता. धर्म हा एक पदर होता. जन्म, वतन आणि जमीन हे बाकीचे पदर, आणि ते कमी चिवट नव्हते.

हुद्दा म्हणजे मालमत्ता

दोन्हीकडचा सर्वांत मोठा सारखेपणा असा, की सरकारी अधिकार ही खासगी मालमत्ता होती.

फ्रान्सच्या राजांना युद्धासाठी पैसा लागे, म्हणून ते पदं विकत. न्यायाधीशाचं पद, कोषाध्यक्षाचं पद, नगराच्या कारभाऱ्याचं पद. १६०४ मध्ये एक युक्ती निघाली. पदाच्या किमतीचा साठावा भाग दरसाल भरला की ते पद मुलाकडे वारसाने जाई. क्रांतीच्या वेळी अशी पन्नास हजारांहून जास्त विकाऊ पदं फ्रान्समध्ये होती. त्यांतली काही घेतली की घराणं उमरावांत मोडू लागे. साहजिकच पैसेवाला व्यापारी कारखाना काढण्यापेक्षा पद विकत घेणं पसंत करी.

आपल्याकडचं वतन असं लिलावात निघत नसे, पण तेही वारसाने चाले, भावांत वाटलं जाई, गहाण पडे, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. पाटीलकीच्या तक्षिमेसाठी भाऊबंदकीत डोकी फुटत. मामला रुपयांचा कमी आणि मानाचा जास्त. पोळ्याला कुणाची बैलजोडी वेशीतून आधी जायची आणि होळीला पहिली पोळी कुणाची, हे प्रश्न शेताच्या बांधाइतकेच गंभीर होते.

महसूल वसुलीचंही तेच. फ्रान्समध्ये मीठ, तंबाखू आणि जकात यांची वसुली सुमारे चाळीस धनिकांच्या कंपनीला मक्त्याने दिलेली होती. त्यांनी राजाला ठरलेली रक्कम आगाऊ द्यायची आणि मग लोकांकडून वसूल करायची. मधला फरक त्यांचा. रसायनशास्त्राचा पाया घालणारा लाव्हॉझिए हासुद्धा याच मक्तेदारांपैकी एक, आणि १७९४ मध्ये त्याचं डोकं गिलोटिनखाली गेलं ते या मक्तेदारीपायी. हैदराबादेत सालारजंग दिवाण होईपर्यंत हाच खाक्या होता. तालुके इजाऱ्याने दिले जात. सावकार, अरब आणि रोहिले सरदार राज्याला कर्ज देत आणि परतफेडीपोटी मुलूख तारण घेऊन तिथला महसूल स्वतःच उपसत. सालारजंगाने ते मोडून काढलं. जे फ्रान्समध्ये तुर्गो आणि नेकेर या मंत्र्यांना जमलं नाही ते या दिवाणाने बऱ्याच अंशी करून दाखवलं, हे त्याच्या पदरात टाकायला हवं.

पण एक गोष्ट राहिली, ती जकात. निजामाच्या हद्दीत माल येताना आणि जाताना ‘करोडगिरी’ द्यावी लागे. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव. सेलू आणि परभणीच्या मोंढ्यातला कापूस मनमाड लाइनने मुंबईकडे निघाला की मध्ये हे सगळे अडसर. पॅरिसभोवतीही मक्तेदारांनी १७८० च्या दशकात जकातीसाठी भिंत बांधली होती. बॅस्टिल पडण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस लोकांनी त्या भिंतीचे बहुतेक नाके जाळले. मराठवाड्यात १९४७-४८ मध्ये सरहद्दीवरच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या कॅम्पांतल्या तरुणांनी करोडगिरीचे नाके जाळले, पटवाऱ्यांची दप्तरं पेटवली. फ्रान्सच्या शेतकऱ्यांनीही १७८९ च्या उन्हाळ्यात जमीनदारांच्या वाड्यांतले हक्काचे कागद शोधून शोधून जाळले होते. आपला गळा नेमका कुठे आवळला आहे ते माणसांना बरोबर कळत असतं.

कुणी काय नेसायचं

उतरंड कागदावर असते तशी अंगावरही असते. १७८९ च्या मे महिन्यात व्हर्सायला तिन्ही वर्गांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा कुणी काय घालायचं हे दरबाराने ठरवून दिलं होतं. उमरावांना जरीचे अंगरखे, पिसांच्या टोप्या, कमरेला तलवार. तिसऱ्या वर्गाला साधा काळा पोशाख, आणि सभागृहात शिरायला बाजूचा दरवाजा. त्या काळ्या पोशाखातल्या सहाशे जणांत वकील आणि न्यायालयीन कामकाजातली माणसं भरपूर होती. हा अपमान ते विसरले नाहीत.

निजामाच्या दरबारात दस्तार आणि बगलूस, म्हणजे ठरावीक पागोटं आणि कमरेचा पट्टा, यांशिवाय उभं राहता येत नसे. तळहातावर रुमाल, रुमालावर अशर्फी, आणि कमरेत वाकून ती नजर पेश करायची. सणावाराला, वाढदिवसाला, नव्या नेमणुकीला नजर ठरलेली. ज्याच्या खजिन्याची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या खजिन्यांत होत होती, तो राजा आपल्या अधिकाऱ्यांकडून एकेक अशर्फी घेत होता. त्यात लोभ किती हा वेगळा विषय. व्यवस्थेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की तू जो काही आहेस तो माझ्या मेहेरबानीने आहेस.

राजाला प्रजेची गरज केव्हा लागते

आता मूळ प्रश्न. फ्रान्सची गादी आतून पडली आणि हैदराबादची बाहेरून. असं का?

फ्रान्सने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शंभर कोटी लिव्ऱांहून जास्त पैसा ओतला. १७८८ मध्ये राज्याच्या खर्चाचा जवळपास निम्मा भाग कर्जाच्या व्याजात जात होता. उपाय सगळ्यांना कळत होता: उमराव आणि चर्च यांच्या जमिनीवर कर बसवा. अर्थमंत्री कालोनने १७८७ मध्ये देशातल्या निवडक मातब्बरांना बोलावून तसं सुचवलं. त्यांनी नकार दिला. गाडी इथे अडली. ज्यांच्या जिवावर राजा उभा, तेच कर देईनात, आणि जे देत होते त्यांच्याकडून आणखी निघेना. शेवटी सोळाव्या लुईने तिन्ही वर्गांची सभा बोलावली. अशी सभा त्याआधी १६१४ मध्ये भरली होती, म्हणजे १७५ वर्षांपूर्वी. गावोगावी तक्रारींच्या वह्या लिहिल्या गेल्या. अॅबे सिएस नावाच्या धर्मोपदेशकाने पत्रक काढून ठणकावलं, की तिसरा वर्ग म्हणजेच राष्ट्र. १७ जूनला त्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा घोषित केलं आणि राजाच्या हातून सूत्रं निसटली. तिजोरी रिकामी झाली म्हणून राजाला प्रजेकडे यावं लागलं, आणि प्रजा आली ती हिशेब घेऊन.

निजामाला प्रजेकडे जाण्याची गरजच नव्हती, कारण त्याचं बळ प्रजेत नव्हतं. गंमत अशी, की ते बळ एके काळी फ्रेंच असण्याची शक्यता होती. फ्रेंच सेनानी बुसी १७५० च्या दशकात औरंगाबादेत निजामाच्या दरबाराचा आधारस्तंभ होता. पुढे रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याने निजामाची कवायती फौज उभारली. फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली असताना, १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांसमोर ती फौज निजामाच्या बाजूने उभी होती. क्रांतिकारक फ्रान्सशी इमान राखणारे अधिकारी दख्खनमध्ये राजेशाहीची फौज चालवतात, हे इंग्रजांना खुपत होतं. १७९८ च्या मार्चमध्ये रेमंड वारला. सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरात फ्रेंच पलटणी निःशस्त्र झाल्या. तिथून हैदराबादच्या गादीला इंग्रजांचा टेकू लागला.

त्या टेकूचं एक टोक परभणीत होतं. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी हिंगोलीला होती. नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात नोवसाजी नाईक हटकर उठला, तेव्हा १८१९ च्या जानेवारीत नोव्याच्या गढीला वेढा घालून ती पाडली ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेने. फौजेच्या खर्चापायीच १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. मुलूख गेला, पण गादी सुरक्षित राहिली. बंड झालं तर निस्तरायला दुसरा कुणी असेल, तर राजाने लोकांचं ऐकायचं कशासाठी? १८९३ मध्ये स्थापन झालेलं विधिमंडळ बहुतांशी नेमलेल्या माणसांनी भरलेलं राहिलं. सभा घ्यायची तर आधी परवानगी. ‘गश्ती निशाण ५३’, म्हणजे ५३ क्रमांकाचं परिपत्रक, हे नाव मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी असे ते याचसाठी.

तरीही तिसरा वर्ग इथेही तयार झाला, आणि तो फ्रान्ससारखाच वकील, शिक्षक आणि मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली, कापसाचा पैसा आला. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतून वेगळं शिक्षण मिळू लागलं. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं ते तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. मागण्या बिचकत केलेल्या, भाषा अर्जाची, पण फ्रान्सच्या तक्रारवह्याही राजाला जयजयकार करूनच सुरू होत होत्या. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्याच १९३८ सालच्या ३० डिसेंबरला कन्नडजवळ मक्रणपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत दलितांची परिषद भरली. उतरंडीचा सर्वांत खालचा थर आता स्वतःच्या आवाजात बोलू लागला होता.

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले आणि दीडशे वर्षांचा टेकू निघाला. निजामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जाळपोळ आणि खून आरंभले. १३ सप्टेंबर १९४८ ला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

गादी आणि उतरंड वेगवेगळ्या दिवशी पडतात

क्रांतीचा रक्तरंजित भाग आपण फ्रान्सच्या खात्यावर लिहितो आणि आपलं खातं कोरं ठेवतो. ते खरं नाही. रझाकारांचे अत्याचार मराठवाडा विसरलेला नाही. पण पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत सूड म्हणून असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने पूर्ण संस्थानात मिळून २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज नोंदवला. मेलेल्यांत उतरंडीच्या खालच्या थरांतली माणसंही होती. निजाम मात्र राजप्रमुख झाला, आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला.

फ्रान्सचा राष्ट्रीय दिन १४ जुलै, बॅस्टिल पडल्याचा दिवस. त्या दिवशी किल्ल्यात अवघे सात कैदी होते. समाजरचना बदलली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी, ४ ऑगस्टच्या रात्री. खेड्यांतल्या जाळपोळीच्या बातम्यांनी धास्तावलेल्या राष्ट्रीय सभेत उमराव एकामागून एक उठले आणि आपले विशेष हक्क सोडत गेले. दशांश गेला, शिकारीचे हक्क गेले, करमाफी गेली, पदांची विक्री गेली. जमिनीवरचे काही हक्क मात्र भरपाई घेऊन सोडायचे ठरले. ती अट काढून टाकायला १७९३ चा जुलै उजाडला. तोवर राजाचं डोकं उडून सहा महिने झाले होते.

मराठवाड्यातही तसंच घडलं. १७ सप्टेंबरला गादी पडली, उतरंड नव्हे. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाली. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द करणारा कायदा आला, भरपाईसह. १९५० च्या कूळ कायद्याने संरक्षित कूळ ही नवी ओळख दिली. त्याच कायद्यातलं, संरक्षित कुळाला मालकी देणारं ‘३८-ई’ हे कलम अजूनही तहसीलच्या आवारात लोकांच्या तोंडी आहे. त्याच वर्षी संविधानाने अस्पृश्यता आणि वेठबिगार बेकायदा ठरवली. १९५४ चा कायदा इनामांवर आला, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. फ्रान्सला जे करायला चार वर्षं लागली त्याला इथे चौदा लागली, पण इथे ते बहुतांशी विधिमंडळात आणि कचेऱ्यांत झालं. त्याचा फायदा असा की या कायद्यांसाठी रक्त सांडलं नाही. तोटा असा की ज्याच्याकडे कागद वाचणारा माणूस होता त्याने आपली जमीन बऱ्यापैकी वाचवली. ज्याच्याकडे नव्हता त्याच्या पिढ्या तारखा मोजत बसल्या.

मदतमाश आणि खिदमतमाश जमिनींचे वाद आजही मराठवाड्यातल्या न्यायालयांत चालू आहेत. कुणबी नोंदींचा प्रश्न आला तेव्हा २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीला निजामकालीन दप्तरंच उघडावी लागली. जहागीर रद्द होऊन तीन पिढ्या झाल्या तरी फसली सनातला एक उर्दू कागद आजही माणसाचं भवितव्य ठरवू शकतो, ही त्या व्यवस्थेची ताकद आहे.

म्हणून १७ सप्टेंबरला झेंडावंदन जरूर करावं. पण १५ ऑगस्ट १९४९ ही तारीख परभणीच्या मुलांना तितकीच ठाऊक असायला हवी. राजा हटवायला पाच दिवस पुरले. माणसाचा हक्क त्याच्या जन्मावर ठरू नये यासाठी चौदा वर्षं कायदे करावे लागले, आणि ते काम कुणी संपलं म्हणत असेल तर त्याने एकदा तहसीलच्या आवारात जाऊन यावं.